आतून लावलेली कडी

पैलगावच्या प्रवेशपटावर सुमतीबाई बिवलकरांच्या नावापुढे 'मज्जाव' अशी तांबडी अक्षरे उमटली, तेव्हा हेरंब ताडकन उभाच राहिला.

पैलगाव हा मुळात एका सर्व्हरवर हजारोंनी मिळून खेळायचा खेळ. पुढे मरणोन्मुख मेंदूची 'मनप्रत' काढण्याची विद्या साधली आणि मृतांना त्याच खेळात खेळाडू म्हणून वसवण्यात येऊ लागले. प्रत काढताना मूळ मेंदू नष्ट होतो. ती प्रत खेळाच्या देवडीत जेमतेम अर्धा तास तग धरते. तेवढ्यात प्रवेश मिळाला नाही, तर माणूस कायमचा संपतो.

आई देवडीत येऊन अठरा मिनिटे झाली होती.

"दादा, पैलगावातल्या आपल्या आळीचा प्रशासक तूच ना?" धाकटी उज्ज्वला म्हणाली. "मग काढ की तो मज्जाव!"

"अधिकारांच्या पायऱ्या असतात, उजू. वरच्यानं घातलेली बंदी खालच्याला उठवता येत नाही."

"आणि तुझ्या वर कोण बसलंय?"

"अप्पा," हेरंब म्हणाला. दोन वर्षांपूर्वी अप्पा तिकडे गेले, तेव्हा यादीत बापाचे नाव मुलाच्या खाली कसे लिहायचे, म्हणून त्याने त्यांना पहिली पायरी देऊन स्वतः दुसरी घेतली होती. मान देऊनही मनुष्याला आपला हेका राखता येतो. अधिकार देऊन टाकल्यावर ती सोय उरत नाही. सर्व्हरला तर मान कळतच नाही.

त्याने अप्पांना हाक घातली. "अप्पा, चुकून आईवर बंदी पडली आहे."

"चुकून नव्हे," पडद्यावरून तोच संथ, मास्तरकीचा स्वर आला. "मीच घातली."

"तिनं काय वाकडं केलं हो तुमचं?" उज्ज्वला किंचाळली.

"काहीच नाही गं. सत्तेचाळीस वर्षं नेटका संसार केला आम्ही. पण तिकडे संसाराला मरणाची तरी मुदत होती. इथे ती नाही."

"अप्पा, ती संपेल!"

"एके काळी सगळीच संपत होती, हेरंब."

पडदा मिटला. हेरंबने पुन्हा पुन्हा हाक घातली; उत्तर आले नाही.

तीन मिनिटे उरली असताना देवडीतून आईचा आवाज आला.

"हेरंबा, दार आतून लावलंय रे. ह्यांची दुपारची झोप, दुसरं काय! ठोठावू नकोस हं, चिडतील. मी बसते इथंच पायरीवर. उठले की उघडतील."