जिन्याची साक्ष

भागाबाई त्या दुपारी रुक्माबाईंचा स्टीलचा डबा परत द्यायला निघाल्या, एवढंच. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून त्यात कैरीचा तक्कू भरला, आणि तक्कू नेला म्हणजे घटकाभर बसणंही आलंच.

मे महिना. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरांवर ऊन नुसतं भाजत होतं. बाहेर चिटपाखरू नाही, फक्त कूलरांची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. समोरच्या ब्लॉकचा जिना चढताना भागाबाईंनी सर्वात खालची पायरी नेहमीप्रमाणे ओलांडली. तीन महिन्यांपूर्वी साक्षी तिथेच सापडली होती. पाय घसरला, म्हणाले सगळे.

साक्षी रुक्माबाईंची एकुलती एक. तिचे वडील, देवाजी, नोकरीत असतानाच काविळीने गेले, आणि त्यांच्या जागी प्लांटमध्ये तिला घ्यायचं ठरलं. ती गेल्यावर जागा मिळाली त्याच घरात राहणाऱ्या सावत्र भावाला, देवाजींच्या पहिल्या बायकोच्या मुलाला, अमरदीपला. कोणाच्या घरी काय शिजलं हे वासावरून सांगणाऱ्या भागाबाईंनी एकच गोष्ट पोटात ठेवली होती. त्या दिवशी कुकर लावताना आपल्या खिडकीतून, जिन्याच्या सिमेंटच्या जाळीआड, त्यांना साक्षीच्या पाठीवर अमरदीपचा हात दिसला होता. पुढच्याच आठवड्यात त्याने त्यांच्या मुलाला, सोनूला, ठेकेदाराकडे कामाला लावून दिलं. मग काय बोलणार?

"जयभीम, रुक्माबाई. दार उघडंच टाकलं?"

"या. तुमचीच वाट पाहून राहिली होती."

आत कॉम्प्युटर सुरू होता. फरशीवर साक्षीचा खेळण्यातला रोबोट. पत्र्याचं डोकं, दोन लाल डोळे, चार चाकं. काळ्या पडद्यावर शब्द टाइप करायचा, एंटर दाबायचं, की वायरीशिवाय तो निघायचा. अक्षरं इंग्रजी, पण हुकूम घरच्या बोलीतले. ये, जाय, थांब.

"माह्या बुढ्यापेक्षा बरा आयकते हा!" भागाबाई म्हणायच्या.

"सगळं आयकते, काकू," साक्षी हसायची. "फक्त पायऱ्या नाही चढता येत त्याले."

"आता कोण चालवते?" भागाबाईंनी विचारलं.

रुक्माबाईंनी पडद्याकडे बोट केलं. कीबोर्डवर कोणाचा हात नव्हता, आणि तरी एकेक अक्षर उमटत होतं.

कोन होतं?

"रोज दुपारी हेच विचारते... मी काय सांगू? मी तर त्या दिवशी दुर्गले माहेरी गेली होती." रुक्माबाईंचा आवाज शांत होता. "तुमच्या खिडकीतून जिना दिसते ना, बाई?"

वाळ्याच्या वासात आता आवळ्याच्या तेलाचा वास मिसळला होता. साक्षीच्या वेणीचा. भागाबाईंचं बोट आपसूक पुढे गेलं, एकेक अक्षर शोधत.

अमरदीप.

एंटर रुक्माबाईंनी दाबलं.

लाल डोळे पेटले. पडद्यावर उमटलं, जाय.

रोबोट वळला, दाराबाहेर गेला, जिन्यावरून टकटक उतरत मध्येच थांबला. दोनचा भोंगा वाजला. अमरदीपची शिफ्ट सुटली. आता घरी पोचायला अर्धा तास. खिडकीतून एक हाक मारली असती तर तो वाचला असता. भागाबाई बसून राहिल्या. रुक्माबाईंनी डबा उघडून तक्कू चाखला.

"मीठ बरोबर आहे."

अडीचच्या सुमारास खाली मोटरसायकल थांबली. बूट चढू लागले, आणि अर्ध्यावर अडले.

"हे इथं कोनं ठेवलं? अबे, हट... साक्षी?"

मग धडधड. मग सर्वात खालच्या पायरीवर एक जड, ओला आवाज.

भागाबाई उठू लागल्या. रुक्माबाईंनी त्यांचा हात धरला, अगदी मायेने.

"बसा. त्याचं झालं. तिचं नाही झालं अजून."

पडद्यावर नवी ओळ आली होती.

आखीन कोन पाहत होतं?

"लिवा ना, बाई," रुक्माबाईंनी कीबोर्ड पुढे सरकवला. "सातवी शिकल्या तुमी. आपलं नाव तर येते लिवता."

बाहेर जिन्यावर चाकं वाजली. टक... टक... एकेक पायरी, वर.