स्वगत : कोणालाच नाही

सातवीच्या वर्गात शब्दसंबंधांचा पेपर चालू होता. प्रत्येक मुलाच्या कपाळावर एक पातळ पट्टी होती. काही लिहिण्या-बोलण्याआधी मूल मनातल्या मनात जे पुटपुटते, ते ही ‘मनटीप’ टिपून घेई आणि बाकावरच्या पडद्यावर शब्दांत उमटवी. कॉपी थांबावी म्हणून ती दोन वर्षांपूर्वी आली होती.

अकरावा प्रश्न जुन्या नाटकांतल्या शब्दांचा होता. ‘जनांतिक : एकालाच ऐकू जाते :: स्वगत : ?’

रेवती मगदूमने लिहिले, ‘कोणालाच नाही.’

पडद्यावर मात्र उमटले, ‘पट्टीला.’ लगेच खाली लाल अक्षरे आली : ‘मनात एक, कागदावर दुसरे. अप्रामाणिक. पेपर रद्द.’

रेवतीला रडू फुटले. निवृत्तीनंतरही नाटकाचे पाठ शिकवायला येणाऱ्या बिडकरबाई तिच्या बाकाशी आल्या. पडदा वाचला आणि त्यांचा आवाज चढला.

“लाटकर, उत्तर बरोबर आहे हिचं!”

“पण मनात वेगळं होतं ना, बाई?” पर्यवेक्षक लाटकर म्हणाले. “नियम आहे.”

“मनातलं तर त्याहून बरोबर आहे! नाटकात एक पात्र स्वगत बोलतं, तेव्हा हातभर अंतरावरच्या दुसऱ्याला ते ऐकू येत नसतं होय? शेवटच्या रांगेपर्यंत जातं ते! पण तो ऐकत नाही. दुसऱ्याच्या मनातलं कानावर पडलं तरी घ्यायचं नाही, ही रीत आहे. तुमच्या या पट्टीला कोणी शिकवली ती?”

“तुमच्या भावनांचा मी आदर करतो, बाई.”

“अस्सं? मग ही पट्टी घाला आणि पुन्हा म्हणा.”

सगळा वर्ग बघत होता. लाटकरांनी रेवतीची पट्टी कपाळाला लावली. “तुमच्या भावनांचा मी आदर करतो.”

पडद्यावर उमटले : ‘म्हातारी पेन्शन घेऊन घरी का बसत नाही?’ आणि खाली, लाल अक्षरांत : ‘अप्रामाणिक.’

मुले खदखदून हसली. बाई हसल्या नाहीत.

“आता तुम्हालाही रद्द करू?”

लाटकरांनी मान खाली घालून पट्टी काढली आणि रेवतीचा पेपर पुन्हा चालू करून दिला. बाईंनी पट्टी आपल्या पिशवीत टाकली. रेवतीच्या कपाळावरचा वळ अंगठ्याने हलकेच चोळत त्या म्हणाल्या, “लिही बाळा. मनात हवं ते बोल. कोणी ऐकत नाहीये.”

रेवतीने पेन उचलले. ते बाराव्या प्रश्नावरच थांबून राहिले.

“काय झालं गं?”

“मनात काही येतच नाहीये, बाई,” ती कुजबुजली. “पट्टी काढलीय, हे मनाला कसं सांगायचं?”