पाचवी ओळ

शेंदूरजनाघाटात मला खरं बोलताना अजून कोणी पकडलेलं नाही. तरी ही गोष्ट ऐका, कारण गोष्ट कशीही असो, माझा राग खरा आहे.

पौषात संत्र्याच्या बागेला ताण देतात. पाणी तोडायचं, पानं गळेपर्यंत झाडं तहानेली ठेवायची, मग पाणी सोडलं की आंबिया बहर फुटतो. मध्येच पाणी मिळालं तर वर्ष गेलं. आणि ऐन ताणात माझी चौथी ओळ ओलीचिंब.

नात वर्षाली अमरावतीला कॉलेजात कंप्युटर शिकते. अकोल्याहून एक आपोआप पाणी सोडणारी पेटी आणून तिनंच ती चारही ओळींच्या नळ्यांच्या वॉलना जोडली होती. प्रोग्रामही तिचाच, पहिलावहिला.

"काय करून राह्यली वं तुही पेटी?" चिखलानं भरलेला जोडा मी तिच्यापुढे आपटला.

तिनं लॅपटॉप उघडला. प्रोग्राम वरून खाली वाचला.

"चूक माही हाये, आबाजी. प्रोग्राममधलं हे स्विच पाहा. आकडा एक आला तं पयला वॉल उघडते, दोन आला तं दुसरा, असं चारपर्यंत. बाकी काहीबी आलं तं डिफॉल्ट, म्हंजे सारे बंद. ताणासाठी मी शून्य धाडलं होतं. पण त्याच्या आंधी 'ओळ चार हाये का' हे विचाराचं होतं. तिथं बरोबरचं चिन्ह दोनदा पाह्यजे, मी एकदाच देलं. दोनदा देलं तं मशीन विचारते. एकदाच देलं तं तिथं चारच भरून टाकते. शून्याचे चार झाले."

"म्हंजे एवढ्याशा चिन्हापायी माहा बहर बुडवते तू?"

तिनं चिन्ह दुरुस्त केलं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेटीला टेकून बसलो, पेटी बनवणाऱ्याला शिव्या देत.

भर दुपारी पेटीत टक वाजलं. पेटीच्या पडद्यावर अक्षरं आली: ओळ ५ चालू.

"पाच कुठून आनला?"

वर्षालीचा चेहरा उतरला. "पाच मी लिवलाच नाई. पाच आला तरी डिफॉल्टमधीच गेला पाह्यजे."

पाचवी ओळ होती एकेकाळी. डिंक्या रोगानं गेली, या पोरीच्या जन्माआधी. खोडं मीच उपटली, आळी मीच बुजवली. तिकडं नळीसुद्धा नाही. तरी तिकडूनच पाण्याचा आवाज येत होता.

"माह्या बागेत माह्या हुकमाबिगर पानी कोन देऊन राह्यलं?" मी पेटीची वायरच उपटली.

पडदा विझला.

पाण्याचा आवाज थांबला नाही.

काठी घेऊन मी चौथ्या ओळीपलीकडे गेलो. वर्षाली मागोमाग. मोकळ्या काळ्या जमिनीत गोल आळी होती, ओळीनं, काठोकाठ भरलेली.

पाण्यावर संत्र्याची पांढरी फुलं तरंगत होती. ताजी. मागे माझ्या चारही ओळींवर एक कळी नव्हती.

"आबाजी," तिनं माझी बाही धरली, "इथं झाडं कुठी हायेत?"

"बहर माहा हाये," मी त्या रिकाम्या जागेला बजावलं.



वरून आणखी एक पाकळी पाण्यावर पडली.