बेलच्या आधीचा श्वास

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो.

ताई भुताखेतांना घाबरणारी बाई नव्हे. तिला भुतांपेक्षा माणसांचा संशय जास्त. कुणी हसून 'कशा आहात?' विचारलं, तरी हिच्या मनात पहिला प्रश्न, 'याला माझ्याकडून काय हवंय?'

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. डोक्यावर मोठमोठे दिवे जळत होते. आजूबाजूला माणसंच माणसं होती.

तरीही...

ताई टीव्ही मालिकांची साउंड रेकॉर्डिस्ट. सेटच्या कडेला, काचेमागच्या छोट्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि प्रत्येक आवाजावर पहारा द्यायचा. तिच्या स्वभावाला अगदी साजेसं काम.

तेव्हा ती एका विनोदी मालिकेवर होती. फार पूर्वी गाजलेल्या एका संगीतपटावरून ती बेतलेली होती. त्या सिनेमातलं कुटुंब छोटंसं हॉटेल चालवायचं. भांडले तरी गायचे, रुसले तरी गायचे. मालिकेत त्याच हॉटेलात आता त्यांची नातवंडं होती.

मेख एकच होती. कथेचे हक्क मिळाले, गाण्यांचे मिळाले नाहीत. एक ओळ जरी कुणी गायली, तरी कोर्टाची पायरी चढायची पाळी.

दिग्दर्शक पक्का बेरकी. त्यानं अडचणीतूनच विनोद काढला. मालिकेतली नात दर भागात गायला उभी राहते, छाती भरून श्वास घेते... आणि नेमकी काउंटरवरची बेल वाजते. गिऱ्हाईक हजर! गाणं राहिलं ते राहिलंच. लोक त्या जागेवर पोट धरून हसायचे.

काउंटरवरची बेल मात्र मुकी होती. गिऱ्हाईकाचं काम करणारे नट ती इतकी दणकून हाणायचे की पुढचं वाक्य ऐकू येत नसे. म्हणून तिचा आवाज ताईच्या मशीनवर ठेवला होता. नातीनं श्वास घेतला की ताईनं बटण दाबायचं. ट्रिंग! सगळ्यांनी त्या आवाजावर वळायचं.

आणि नात कोण? ताईचीच पाठची बहीण.

घरात तिला 'भोंगा' म्हणत. लहानपणी ती गायला लागली की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. सुराशी तिचं साता जन्माचं वैर. अशा मुलीला संगीतपटाची नायिका व्हायला मिळालं, कारण तिला गायचंच नव्हतं! मावशी खूश होती. 'धाकटीकडे लक्ष ठेव गं, भोळी आहे ती,' एवढंच तिनं ताईला बजावलं होतं.

'ती माझ्या कानातच असते, आई,' ताई म्हणाली होती. 'आणखी किती लक्ष ठेवू?'

पहिल्यांदा ते ऐकू आलं, तेव्हा ताईला वाटलं माइक कपड्याला घासतोय.

धाकटीनं श्वास घेतला. आणि तिच्या श्वासाला लागूनच... आणखी एक श्वास.

लांब. सावकाश. मुरलेल्या गायिकेचा.

ताईनं सवयीनं बटण दाबलं. ट्रिंग! सीन पुढे गेला. कुणाला काही कळलं नाही.

तिनं माइक बदलला. वायर बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

ताईचा संशय लगेच बूमवाल्यावर गेला. लांब काठीला माइक लावून नटांच्या डोक्यावर धरतो तो. त्याचा मेहुणा ताईच्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, हे सगळ्या युनिटला ठाऊक होतं. 'हाच माइकपाशी तोंड नेऊन श्वास घेत असणार,' ताईनं ठरवून टाकलं. 'मग बोंब मारायला मोकळा, बाईंचं रेकॉर्डिंग खराब येतं म्हणून.'

तिनं त्याला काही विचारलं नाही. नुसती नजर ठेवली.

पण एक गोष्ट तिच्या हिशेबात बसेना.

प्रत्येक जागेला आपली एक शांतता असते. साउंडवाल्यांना ती पाठ असते. त्यांचा सेट म्हणजे जुनं गोदाम. वर पत्रा, कोपऱ्यात गुरगुरणारा एसी. तिथली शांतता कधीच पूर्ण शांत नसायची. पण तो दुसरा श्वास आला की...

एसी ऐकू यायचा नाही.

पत्रा ऐकू यायचा नाही.

कानात एक वेगळीच खोली यायची. लहानशी. भिंतींना जाड पडदे लावलेली. आणि त्या खोलीत कुणीतरी उभं असायचं.

बेल वाजली की एसी पुन्हा गुरगुरायला लागायचा.

बूमवाला श्वासाचं सोंग करेल. पण तो खोली कुठून आणणार?

तिनं जेवणाच्या सुट्टीत लाइटदादांना गाठलं. दिव्यांचं काम करता करता पिकलेला माणूस. त्यांचे वडील त्या जुन्या सिनेमाच्या युनिटमध्ये होते.

'दादा, त्या सिनेमात नायिकेसाठी कोण गायलं होतं हो?'

दादांनी डबा बंद केला. 'होती एक बाई. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये नाव नाही तिचं. तेव्हा देत नसत.'

'पुढे काय झालं तिचं?'

'शेवटच्या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. वाजवणारे वाजवायला लागले. तिनं श्वास घेतला...'

'आणि?'

'आणि सोडलाच नाही. उभ्या उभ्या गेली.' दादांनी हात झटकले. 'सिनेमात त्या जागी नुसती बासरी आहे. बघ कधीतरी.'

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण स्वभावाला औषध नाही. पुढच्याच क्षणी तिला आठवलं, लाइटदादा आणि बूमवाला रोज एकाच गाडीतून येतात. म्हणजे दोघंही सामील! मला घाबरवून पळवायचा डाव आहे तर!

त्याच आठवड्यात धाकटी ताईच्या खोलीत आली. चेहरा उतरलेला.

'ताई, बेल जरा लवकर दाबशील?'

'का? जमतंय की छान.'

'नाही गं... मी श्वास घेते ना, तो थांबतच नाही. आत जातच राहतो. कुणीतरी आत शिरत असल्यासारखा. बेल वाजली की सुटते मी.'

इथं ताईनं तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात संशयाचं भूत आधीच बसलेलं.

'तुलाही पढवलं का त्या बूमवाल्यानं?'

धाकटीचे डोळे भरले. 'बरं,' एवढंच म्हणाली आणि गेली.

शेवटचा भाग आला. सिनेमातलं ते शेवटच्या गाण्याचं दृश्यच मालिकेत घेतलं होतं. नात जिन्यावर उभी राहणार, खाली सगळं हॉटेल जमणार, ती श्वास घेणार आणि... ट्रिंग! मालिका समाप्त.

ताईनं मनाशी बेत पक्का केला. आज चोर रंगेहाथ पकडायचा. बेल दाबायचीच नाही! श्वासाचं सोंग करणारा किती वेळ श्वास ओढेल? कधीतरी सोडेल, खोकेल, हसेल. तेवढं रेकॉर्ड झालं की पुरावा हातात. दृश्य काय, पुन्हा घेता येतं.

दिग्दर्शकाला तिनं काही सांगितलं नाही. बूमवाल्याला मात्र अशा जागी उभं केलं, की त्याचं तोंड तिला काचेतून स्पष्ट दिसावं.

'साउंड?' दिग्दर्शक ओरडला.

'रोलिंग,' ताई म्हणाली.

धाकटी जिन्यावर उभी होती. हा जिना कुठंच जात नव्हता. वर एक फळी होती आणि फळीमागे काळा पडदा.

तिनं श्वास घेतला.

एसी गेला... पत्रा गेला...

ती पडद्यांची खोली आली.

आणि दुसरा श्वास.

ताईनं बूमवाल्याकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याच्याही कानाला हेडफोन होता. तो पांढराफटक पडला होता. तो ताईकडे बघून जोरजोरात मान हलवत होता. दाब, दाब, दाब!

म्हणजे त्यालाही ते ऐकू येत होतं. इतके दिवस येत होतं. आणि हे ताईच मशीनवरून करते, असा त्याला संशय असणार.

ताईनं जिन्याकडे पाहिलं. धाकटी थेट काचेकडे बघत होती. छाती भरतच चालली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण डोळे ओरडत होते.

ताईनं बटण दाबलं.

उशीर झाला होता. बेल वाजली, आणि बेलचाच सूर धरून गाणं सुरू झालं.

काय आवाज होता तो! ताई सांगते, आयुष्यात तिनं तसं काही ऐकलं नाही. सेटवर जो जिथं होता तिथं थांबला. गिऱ्हाईक झालेला नट काउंटरपाशीच उभा राहिला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताई वेड्यासारखी बटण दाबत होती. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग... गाणं थांबलं नाही. गाणं पूर्ण झालं.

मग टाळ्या. केवढ्या टाळ्या!

टाळ्या वाजवत नव्हती ती फक्त दोन माणसं. ताई आणि बूमवाला.

वकिलांनी जुना सिनेमा पुन्हा पुन्हा तपासला. हे गाणं त्यात कुठंच नव्हतं. त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. शेवटचा भाग तसाच दाखवला आणि धाकटीचं नशीब उघडलं. आज ती मोठ्या कार्यक्रमांत गाते. लोक विचारतात, इतकी वर्षं ही गुणी मुलगी कुठं लपली होती?

मावशीच्या आनंदाला पारावार नाही. ताई काही बोलायला गेली की मावशी करवादते, 'बहिणीचं चांगलं झालेलं बघवत नाही का गं तुला?'

ताईनं ते रेकॉर्डिंग घरी आणून ऐकलं. गाणं आहे. बेल आहे. पण गाण्याआधी एकच श्वास आहे.

धाकटीचा नाही.

ताई बरेच दिवस स्वतःची समजूत घालत राहिली. मुलगी मोठी झाली, रियाज करते, बदलणारच. चिडवलं तर पूर्वीसारखी अंगावर धावून येत नाही, कारण आता मान मिळतो. ताटात उष्टं टाकत नाही, कारण शहाणपण आलं. सगळ्याला काही ना काही उत्तर सापडायचं.

मग एका दुपारी मावशी बाहेर गेली होती. घरात दोघीच होत्या. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी खिडकीपाशी बसून गुणगुणत होती. गुणगुणणं थांबलं.

'त्या दिवशी तुम्ही वेळेवर बेल दाबली नाहीत,' ती म्हणाली. 'फार उपकार झाले.'

ताईच्या हातातला कपडा खाली पडला. तरी तिनं विचारलं.

'माझी बहीण कुठं आहे?'

ती सावकाश वळली. चेहरा धाकटीचाच. हसणंही तिचंच.

'आहे ना,' ती म्हणाली. 'उभी आहे. मीसुद्धा खूप वर्षं उभी होते.'

आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

हे ताईनं मावशीला सांगितलेलं नाही. मला सांगितलं, तेही घराबाहेर. सांगताना ढसाढसा रडली. तिनं काम सोडलेलं नाही. धाकटीचा प्रत्येक कार्यक्रम ती स्वतः रेकॉर्ड करते, आणि घरी येऊन दोन ओळींमधल्या शांतता ऐकत बसते. पडद्यांच्या त्या खोलीतून धाकटीची हाक कधीतरी येईल, या आशेवर. अजून आलेली नाही.

काल मावशीचा फोन आला होता. 'रविवारी ये ना जेवायला. धाकटी गाणार आहे खास.'

मी काहीतरी निमित्त सांगितलं. मावशीच्या मागून गाणं ऐकू येत होतं. छान होतं, खोटं कशाला बोलू. मी निमित्त सांगायला लागले तसं ते गाणं थांबलं, जणू तीही ऐकत होती, आणि मी घाईघाईनं फोन ठेवला.