छत्री कुणी वाकवली?

"शून्य! अजूनही शून्यच!" उनाइसी ओरडली.

दहा वर्षांच्या उनाइसीचा आवाज एवढा खणखणीत, की समाजघरात यांगोना, म्हणजे मुळांचं पेय, पीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातल्या करवंट्या हिंदकळल्या.

"कान फुटले माझे!" गावप्रमुख इसिकेली खेकसले. गावातली सगळी मुलं त्यांना मोमो, म्हणजे मामा, म्हणत. "तो टीव्हीचा डबा गेलाय कामातून! सुट्टीला आलात आणि रिमोटची बटणं कुटत बसलात, दुसरं काय! सोमवारच्या बोटीनं सुव्हाला पाठवू दुरुस्तीला."

"सोमवारी?" लोसालिनी ताडकन उभी राहिली आणि जीभ चावून लगेच खाली बसली. बसलेल्या वडीलधाऱ्यांपेक्षा डोकं वर ठेवायचं नसतं. "पण मोमो, मॅच आज तीनला आहे!"

घड्याळात एक चाळीस झाले होते. तीन वाजता तिचा मोठा भाऊ आपाकुकी फिजीच्या रग्बी संघातून पहिल्यांदाच खेळणार होता. गावात टीव्ही हा एवढा एकच आणि मोबाइलला तर रेंजच नाही. निघताना आईनं त्याला विचारलं होतं, "टीव्हीत मला दिसशील ना रे?" त्यानं नुसत्या दोन्ही भुवया उंच केल्या होत्या. म्हणजे हो! तेव्हापासून आई दिवस मोजत होती. आज नवा सुलु नेसून ती सकाळपासून त्या काळ्या पडद्यासमोर ताठ बसली होती. लोसालिनीला तिच्याकडे बघवेना.

"डबा ठणठणीत आहे," वेरेनिकी कुजबुजला. हा तिचा बारा वर्षांचा चुलतभाऊ, सुव्हाच्या वसतिगृहातून आलेला. "पडद्यावर दोन पट्ट्या बघ. वरची ताकदीची, अठ्ठ्याहत्तर. म्हणजे इथपासून छपरावरच्या छत्रीपर्यंत वायर जिवंत आहे. खालची दर्जाची, शून्य! म्हणजे छत्री भलतीकडे बघतेय, नाहीतर तिच्या तोंडापुढे काहीतरी आलंय."

"मोठे आले शास्त्रज्ञ!" उनाइसी म्हणाली. "मग चढ की छपरावर!"

"या सगळ्यांच्या डोक्यावर? वेड लागलंय का मला?"

तीच तर अडचण होती. जाळीची ती भलीमोठी छत्री समाजघराच्याच सपाट छपरावर होती आणि छपराखाली सकाळपासून वडीलधारी मंडळी. त्यांच्या डोक्यावर चढायची कुणाची छाती? म्हणून सगळे डब्यालाच शिव्या देत होते.

तिघं बाहेर सटकली. लोसालिनीचा पाय एका जागी ठरेना. मागच्या भिंतीपाशी येऊन ती एकदम थांबली. "ए, चर्चची शिडी इथे कशी?"

शिडीच्या पायऱ्यांवर ओला चिखल होता आणि चिखलात केसांसारखी बारीक मुळं. वेरेनिकीनं एक उचलून हुंगलं. "यांगोनाची मुळं!"

"पण ती तर चर्चच्या पत्र्यावर वाळत घालतात ना?"

"मागच्या आठवड्यात पत्र्याला नवा रंग दिलाय. पाद्रीबुवांनी काय दम दिला होता, ऐकलं नाहीस? एक जरी मूळ पत्र्यावर दिसलं तर याद राखा!"

तिघांनी एकदमच वर बघितलं.

"आधी म्हातारे हलवायला हवेत," लोसालिनी म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे धूम पळाली. काकूला तिनं काय पटवलं कोण जाणे! दहा मिनिटांत फणसाच्या झाडाखाली चटया पडल्या, नारळाच्या दुधातली मासळी आणि वाफाळते कसावाचे कंद आले. वास समाजघरात शिरला मात्र, सगळे उठले. सर्वांत पुढे मोमो!

आईला टीव्हीसमोरून हलायचंच नव्हतं. "चढा तुम्ही खुशाल," ती म्हणाली. उनाइसी तिच्या शेजारी पट्ट्या वाचायला बसली. बाकी दोघं सरसर वर चढली.

"अरे देवा!" वेरेनिकीनं कपाळावर हात मारला.

छत्रीत ओल्या मुळांचा हा ढीग! त्या वजनानं छत्री मान टाकून बसली होती. बसवणाऱ्यानं खांबावर मारलेली लाल खूण आणि छत्रीवरची खूण यांत चांगलं वीतभर अंतर पडलं होतं. शेजारी एक रिकामं पोतं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत नाव: इसिकेली.

"मोमो! आणि आपल्यालाच ओरडत होते! चल, आत्ताच सांगू!"

"आधी मॅच, मग मोमो," लोसालिनी दात आवळून म्हणाली.

मुळं पोत्यात गेली. वेरेनिकीनं पाना लावून नट सैल केला, लोसालिनीनं खांदा लावून छत्री उचलली. खालून आवाज येऊ लागला.

"शून्य! शून्य! नऊ! एकतीस! अरे गेलं, परत चार!"

"हळू गं! होडी ढकलतेयस का?"

"तू नट धर, तोंड नको चालवूस!"

"वीस! अठ्ठेचाळीस! बासष्ट! थांबा! हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!"

वेरेनिकीनं नट आवळला. खाली एकदम गर्दीचा गलका उठला. टीव्हीतल्या मैदानाचा! तीनला सहा मिनिटं कमी होती.

गलका ऐकून जेवणारे धावत आले. मोमोंच्या तोंडात अजून कसावा होता. "बघा! डब्याला जरा विश्रांती दिली की येतं सगळं आपोआप!"

"तुलोउ, माफ करा," उनाइसी अगदी वाकून, अदबीनं म्हणाली आणि दोघांनी खाली आणलेलं पोतं ओढत मोमोंसमोर घेऊन आली. "मोमो, तुमचा यांगोना. छत्रीला झेपत नव्हता."

मोमोंनी कसावा कसाबसा गिळला. "पहाटे, कुणी नसताना टाकला. आपाकुकी जिंकला की सोहळ्याला लागेल म्हणून... खालून वारा, वरून ऊन. म्हटलं, इतकी छान जागा!"

"अरे शहाण्या," सर्वांत वयोवृद्ध रातू विलियामे हसता हसता खोकू लागले, "जिंकल्याचा यांगोना वाळवायला मॅचच बंद पाडलीस!" मग ते मुलांकडे वळले. "सकाळपासून आम्ही डब्याला नावं ठेवतोय, पण उठून बाहेर जावं हे एकालाही सुचलं नाही. शाबास, पोरांनो! यापुढे ही तिघं शिडीकडे निघाली की आपण सगळ्यांनी बाहेर पडायचं. जेवणाची वाट न बघता!"

म्हाताऱ्यांनी हाताची ओंजळ करून तीनदा घुमणाऱ्या टाळ्या दिल्या. या टाळ्या खास मानाच्या! लोसालिनीचे कान तापले.

"श्श!" आई म्हणाली.

पडद्यावर खेळाडू ओळीनं उभे होते. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकत होता. सर्वांत शेवटी आपाकुकी. कॅमेरा त्याच्यापाशी आला आणि त्यानं दोन्ही भुवया उंच केल्या.

आईनंही केल्या. मग सकाळपासून पहिल्यांदाच ती भिंतीला पाठ टेकून निवांत बसली.