तात्पुरती नोंद

कंपनीच्या बसला ट्रॅकर बसवणं हे काही फार डोक्याचं काम नाही. डॅशबोर्ड उघडायचा, साबणाच्या वडीएवढी डबी आत चिकटवायची, तिला बॅटरीची वायर द्यायची आणि झाकण लावायचं. खरी कटकट त्यानंतरची, ब्लूटूथची. कामगाराच्या गळ्यातल्या ओळखपत्रात एक ब्लूटूथचा टॅग असतो. असे सगळे टॅग एकेक करून डबीला जोडायचे, मोबाइलवरच्या यादीत प्रत्येकापुढे नाव आणि सीटचा नंबर लिहायचा. मग माणूस बसमध्ये चढला की त्याचं नाव हिरवं होतं, उतरला की विझतं. आत किती माणसं आहेत ते ऑफिसात बसून कळतं. सात वर्षं मी हेच करते आहे. घरचे मला हट्टी म्हणतात, आणि ते खोटं नाही. बिघाड सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही.

चौदा नंबरच्या बसची तक्रार मार्चमध्ये आली. सकाळी चऱ्होलीहून सुटून मोशीवरून चाकणच्या एका कंपनीत जाणारी बस. कामगार एकतीस, पण ट्रॅकर रोज बत्तीस दाखवत होता. त्याहून वाईट म्हणजे सगळे कामावर उतरून बस मोशीच्या यार्डात रिकामी उभी राहिली, तरी यादीत 'आत: १'. ट्रान्सपोर्टचे मॅनेजर सदाशिव साने यांनी त्याचा सरळ अर्थ काढला, की ड्रायव्हरने कुणा बाहेरच्याला बसमध्ये आसरा दिला आहे. ट्रॅकर तपासून झाला की तिथून एक महिन्याची मुदत त्यांनी दिली होती. महिनाभर एकही तक्रार आली नाही तर ठीक, नाही तर ड्रायव्हर घरी.

ड्रायव्हर कोंडीराम तापकीर. गाव चऱ्होलीच, नोकरी एकोणीस वर्षांची, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. मी यार्डात पोचले तेव्हा ते स्टिअरिंग पुसत होते आणि बोलतानाही पुसतच राहिले.

"ताई, वळखीचं माणूस बी कधी फुकट बसवलं न्हाई म्या. आता जाता जाता ह्यो डाग घिऊन घरी जाऊ व्हय?"

मी म्हटलं, मामा, चूक यंत्राची आहे आणि यंत्राचं काय करायचं ते मला कळतं. हे बोलताना माझी पक्की खात्री होती.

जुनी डबी काढून मी नवीकोरी बसवली. जुन्या डबीचा फॉर्म ऑफिसातून मागवला, तर त्यात बसवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. आमच्याकडे हे होत नाही, नाव भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. कुणी बसवली होती ते चार जणांना विचारलं. चौघांनीही थोडा वेळ आठवून पाहिलं आणि कामाला लागले.

नव्या डबीला जुन्या यादीवरून एकतीस टॅग जोडले. बत्तिसावा आपोआप यादीत आला. नाव नाही, नंबर नाही, नुसती एक ओळ.

सिग्नलचा आकडा बघत टॅग हुडकता येतो. उणे नव्वद म्हणजे लांब, उणे चाळीस म्हणजे हाताच्या अंतरावर. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, मी मोबाइल हातात धरून त्या रिकाम्या बसमध्ये पावलापावलाने फिरले. दारापाशी उणे सत्तर, मधल्या ओळीत पंचावन्न, सतरा नंबरच्या खिडकीपाशी चाळीस. सीटखाली काही नव्हतं. गादी उसवली, काही नव्हतं. शेवटी पाना घेऊन सीटचे चारही नट सोडवले आणि मामांच्या मदतीने अख्खी सीट खाली मातीत आणून ठेवली. तिच्यापाशी उणे ऐंशी. बसमध्ये परत चढले, तर सतराच्या मोकळ्या जागेत उणे चाळीसच. जमिनीजवळ सिग्नल कमी व्हायचा आणि छपराजवळही कमी व्हायचा. सगळ्यात जास्त लागायचा तो बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, जिथे ओळखपत्र लोंबतं तिथे.

पत्र्यावरून लहर परत फिरते, असं मी मामांना सांगितलं. असं होतंही कधी कधी. सीट परत लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चऱ्होलीहून त्या बसनेच निघाले. बस बत्तीस सीटची, म्हणजे एकतीस कामगार चढल्यावर एक जागा उरायला हवी होती. ती माझ्यासाठी, असा माझा हिशेब. कंपनीच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरायची पद्धत आहे आणि एकदा रुमाल पडला की त्या जागेवर कुणी बोट ठेवत नाही. अंबुबाई कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटतात आणि सगळ्यात आधी चढतात. त्यांनी चढल्या चढल्या चौकडीचा रुमाल सतरा नंबरवर पसरला आणि पुढे जाऊन बसल्या. कुणासाठी, विचारलं तर म्हणाल्या रश्मीसाठी. रश्मी मोशीला चढली ती सरळ बावीस नंबरवर जाऊन बसली. तिचं म्हणणं, अंबुमावशी कुणासाठी तरी धरतात, आम्ही नाही बसत तिथे. आणखी तिघांना विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं की ती जागा दुसऱ्याच्या कुणाची तरी आहे. हे ऐकून अंबुबाई स्वतःशीच हसल्या. "मग मी धरते कुणाला गं बाई?" असं म्हणत त्यांनी रुमाल उचलून पिशवीत टाकला. मी चाकणपर्यंत उभ्यानेच गेले. त्या रिकाम्या जागेवर मीही बसले नाही, हे माझ्या लक्षात आलं ते उतरल्यावर.

दुपारी यार्डात मी ठरवलं की आज याचा निकाल लावायचा. आमच्या ॲपमध्ये बिननावाचा टॅग काढता येत नाही. काढायचा तर आधी त्याची नोंद करायची आणि मग ती नोंद पुसायची. चाचणीसाठी अशी तात्पुरती नोंद करताना आम्ही सगळेच स्वतःचं नाव टाकतो. बोटांना तीच सवय असते. मी लिहिलं: मिनल. सीट सतरा. प्रकार: तंत्रज्ञ.

ती ओळ हिरवी झाली, लगोलग यादीवरची तक्रारीची लाल खूणही हिरवी झाली. नोंदवलेले बत्तीस, बिननावाचा एकही नाही. तंत्रज्ञ केव्हाही बसमध्ये असू शकतो, त्यामुळे 'आत: १'ची तक्रारही साने यांच्याकडे जाणार नव्हती. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी गळ्यातल्या पंच्याने डोळे टिपले आणि वळून उगाच काच पुसायला लागले.

पुसायची नोंद मी पुसली नाही. ही लबाडी होती, मान्य. पण महिना असाच हिरवा गेला तर एका सरळ माणसाची नोकरी वाचत होती. तोवर मी बिघाड शोधणार होते, आणि एकतिसाव्या दिवशी माझं नाव काढून टाकणार होते.

दोन दिवसांनी पुन्हा तपासायला चढले, तर अंबुबाईंनी सतरावरचा रुमाल उचलून मला जागा करून दिली. म्हणाल्या, तुझ्यासाठीच तर धरते रोज. मी हसून विचारलं, कधीपासून? त्यांना प्रश्नच कळला नाही. मागून रश्मीने विचारलं, पप्पांचा गुडघा कसा आहे, काल खूप दुखतोय म्हणत होतीस ना. पप्पांचा गुडघा दुखत होता हे खरं. काल मी दिवसभर तळेगावला एका गोदामात ट्रकचं काम करत होते, हेही खरं.

नवव्या दिवशी साने यांचा फोन आला. सकाळी गेटवर मी म्हणे त्यांना जो रिपोर्ट तोंडी सांगितला तो लेखी हवा होता. मी म्हटलं, साहेब, मी आज चाकणला आलेच नाही. ते म्हणाले, "मिनल, तुम्ही माझ्यासमोर उभ्या होतात." मी पुढे वाद घातला नाही, कारण त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

त्यानंतर माझ्या बारीकसारीक गोष्टी अडायला लागल्या. ऑफिसच्या मशिनवर अंगठा लागेना. सोल्डरिंगने कातडी जळते, तसं असेल. वाकडला चौकात हात केला तरी रिक्षा थांबेना. त्या चौकात कुणासाठीच थांबत नाहीत. प्रत्येक गोष्टीला मी कारण शोधलं आणि मला ते सापडलंही. दुपारच्या दुपारी यार्डात जाऊन मी वायर बदलल्या, अँटेना बदलली, डबी दोनदा बदलली. नोंद जागची हलली नाही. मी चिडले होते आणि खरं सांगायचं तर घाबरलेही होते. पण महिना पुरा करायचाच, असं मामांना नाही तरी स्वतःला सांगितलं होतं.

चोविसाव्या दिवशी संध्याकाळी सहाला पिंपरीला घरी आले. पप्पा विहारातून येऊन ओट्याशी उभे होते. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचा एक कान गेला आहे, पण डोकं लख्ख आहे. मी चहा मागितला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं.

"आत्ता तर दिला तुला आत नेऊन, मिनू. बाहेर कधी आलीस?"

आतल्या खोलीत पंखा चालू होता. खिडकीजवळच्या खुर्चीपाशी कप होता, अर्धा प्यालेला आणि कोमट. मी मोबाइल काढला. बस तेव्हा चाकणहून परतीच्या वाटेवर होती, पंधरा किलोमीटर लांब. खुर्चीपाशी एकच टॅग लागला. उणे चाळीस.

पप्पांनी रात्रीच्या जेवणाला दोनच ताटं घेतली. एक स्वतःचं घेऊन बसले आणि दुसरं आत नेऊन ठेवलं.

उरलेले सहा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. पप्पांशी बोलायचं तर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला, अगदी जवळ जाऊन बोलावं लागे. हाक मारली की ते मान वर करत आणि इकडेतिकडे बघत. तेव्हाच ती नोंद पुसली असती तर बरं झालं असतं, असं कुणीही म्हणेल. पण सहा दिवसांसाठी मामांची एकोणीस वर्षं पाण्यात घालवायला मी तयार नव्हते.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला. साने यांनी पत्र दिलं होतं, तक्रार निकाली. त्यांनी मला पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"उद्या पेढं आनतोय. पैला पेढा तुमाला, मग बसला."

एकतिसाव्या दिवशी उजाडता उजाडता मी चऱ्होलीच्या थांब्यावर पोचले. बस उभी होती, दार उघडं होतं, मामा टपरीवर चहा घेत होते. मी चढले आणि सतरा नंबरवर बसले. यादी उघडली. आत: १. मिनल.

पुसा.

ॲपने विचारलं, 'मिनल ही नोंद कायमची काढायची?' कुठली मिनल, हे विचारायची सोय त्यात नाही.

मी 'हो' दाबलं.

ओळ गेली. आत: ०. पहिल्यांदाच मला त्या बसमध्ये शून्य दिसलं. मी मोठा श्वास घेतला. खिडकीतून गार वारा आला आणि मला फार बरं वाटलं. आता घरी गेल्यावर पप्पांच्या पुढ्यात बसून जेवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मामा चढले. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी तो डॅशबोर्डवर ठेवला आणि बसभर नजर फिरवली. माझ्यावरूनही फिरवली.

मी म्हटलं, मामा, मिटलं सगळं.

ते दाराकडे बघत राहिले. हाताने पुड्याची दोरी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

मी मोबाइल बघितला. आत: १.

नाव नाही, नंबर नाही, नुसती एक ओळ.

अंबुबाई चढल्या. आत: २. मामांना दाराकडे टक लावून बसलेलं बघून त्यांनी विचारलं, कुणाची वाट बघताय?

"ते... एक जण यायचं व्हतं," मामा म्हणाले. त्यांनी कपाळ चोळलं. "कोन बरं यायचं व्हतं?"

मी नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं, ओरडून सांगितलं.

मामांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा अंबुबाईंच्या हातावर ठेवला.

पेढा तोंडात टाकून त्या मागे आल्या. सतरा नंबरपाशी थांबल्या, पिशवीतून चौकडीचा रुमाल काढला, झटकला, आणि माझ्या मांडीवर नीट पसरून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.