घरचं कापड

जन्मभर कोट शिवणाऱ्यांच्या अंगावर कोट नसतो, त्याला कोण काय करणार! पण त्या शिवणकारखान्यातली थंडी म्हणजे कहर होता हो. वरच्या मजल्यावरचा लांबलचक हॉल, वाकलेल्या चौकटींच्या खिडक्या आणि मागच्या भिंतीत एक लाकडी दार. दाराबाहेर पूर्वी जिना होता. तो कोसळला तेव्हापासून दार कायमचं बंद. कुणी उघडलंच, तर पुढचं पाऊल थेट हवेत. त्या दाराच्या फटीतून येणारा वारा हाडांपर्यंत शिरायचा.

त्या दाराजवळचं मशीन यंदा बाळंतिणीच्या वाट्याला आलं. मूल मान धरायला लागल्यावर ती कामावर परतली, तोवर तिची जुनी जागा दुसरीनं बळकावली होती. तिला 'बाळंतीण' हे नाव तिथंच पडलं. तीही हसण्यावारी न्यायची. पण आत धास्ती होती. बाळ जन्मापासून नाजूक, एकदा सर्दीनं हातचं जाता जाता वाचलेलं. ही थंडी छातीत भरून घरी न्यायची आणि तीच लेकराला पाजायची, या विचारानंच तिचा जीव अर्धा व्हायचा.

फटी बुजवायची तिथली एक रीत होती. सकाळी आल्याआल्या कापडाच्या चिंध्या फटीत ठासायच्या, संध्याकाळी निघताना काढून टाकायच्या. चिंध्या मात्र कारखान्याच्याच हव्यात, घरचं कापड लावायचं नाही. का, म्हणून विचारलं तर काजं करणारी मावशी, तिथली सगळ्यांत जुनी बाई, एवढंच म्हणायची, "नाही लावत आपण. उगाच फाटे फोडू नकोस."

त्या दिवशी नेमक्या चिंध्या संपल्या. आभाळ भरून आलेलं, दुपार असून हॉलमध्ये दिवे लावलेले. वारा पाठीत सुया टोचत होता. बाळंतिणीच्या पिशवीत बाळाचं दुपटं होतं. दूध दाटून आलं की छातीशी धरायला ती ते सोबत ठेवायची. मावशीची पाठ वळली तशी तिनं ते गुंडाळलं आणि दिलं फटीत कोंबून.

वारा थांबला. पाठीला चक्क ऊब वाटायला लागली. 'उगीच बाऊ करतात झालं,' ती मनाशी म्हणाली आणि बाही जोडायला घेतली.

दोरा संपला म्हणून तिनं मशीन थांबवलं, तेव्हा तिला ते ऐकू आलं. दारापलीकडून कुणीतरी हुंगत होतं. श्वास आत... पुन्हा आत... सोडल्याचा आवाज नाहीच. पाठोपाठ वास आला, तिच्याच दुधाचा, पण नासलेला.

ती वळली. दुपट्याचं टोक सावकाश फटीत शिरत होतं. तिनं झडप घालून धरलं. पलीकडून हिसका नाही, काही नाही. नुसती ओढ होती, न थकणारी... आणि कापड तिच्या बोटांतून निसटून गेलं.

"काय लावलं होतंस तिथं?" मावशी मागे येऊन उभी होती.

"दुपटं... बाळाचं."

मावशीच्या हातातला कोट खाली पडला. "अगं बये, काय करून बसलीस! घरचं कापड दिलं की तिला घर कळतं."

"तिला म्हणजे? कुणाला?"

"मी नाही पाहिलेलं. तुझ्याआधी इथं बसणारीनं नवऱ्याचा मफलर लावला होता..."

"मग?"

"मग काय विचारतेस? पळ! चपला घालत बसू नकोस, पळ आधी!"

ती अनवाणी धावली. रस्ताभर एकच म्हणत होती, माझं काय व्हायचं ते होऊ दे, लेकराला काही होऊ नये. घराचं दार ढकललं, तर सासूबाई शेगडीजवळ बसलेल्या, मांडीवर बाळ. डोळे उघडे, हातपाय हलवतंय. तिचा जीव भांड्यात पडला. तिथंच उंबऱ्यात बसून ती ढसाढसा रडली.

"आता काय झालं रडायला? आणि पुन्हा कशी आलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"पुन्हा?"

"आत्ता तर पाजून गेलीस. बघ की, पोट कसं टम्म झालंय."

"मी... मी आलेच नव्हते, आई."

"काय वेड्यासारखं बोलतेस! हात केवढे गार होते तुझे. म्हटलं, घटकाभर शेगडीपाशी बस, तर लांबच उभी राहिलीस."

बाळंतिणीनं बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळानं तोंड फिरवलं आणि परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे पाहत ते कुरकुरू लागलं. त्याच्या ओठाच्या कडेला दूध होतं. तिनं बोटानं पुसलं आणि हात झटकन मागे घेतला. दूध बर्फासारखं गार होतं.

"मी काही बोलले का, आई? जाताना?"

"बोललीस की," सासूबाई शेगडीतले निखारे सारखे करत म्हणाल्या. "बरं वाटलं बाई मला ऐकून. म्हणालीस, बाहेर फार गारठा आहे, उद्यापासून मी घरीच राहते."